पहिला फ्लाय रॉड कुठला घ्यायचा? सॅल्मनसाठी आणि आपल्या भाट्याच्या रावसासाठी पण

आधी एक घोळ मिटवतो. मुंबईच्या हॉटेलात मेनूकार्डावर ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जे लिहिलेलं असतं तो आपला रावस, त्याचा आणि खऱ्या सॅल्मनचा काडीचा संबंध नाही. सॅल्मन थंड पाण्याचा, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो, आणि नदीत शिरला की खाणंच बंद करतो. रावस खाडीच्या तोंडाशी कोळंबी नि बारीक मासळीच्या मागे असतो आणि त्याला भूक असतेच असते. हे कशाला सांगतोय ते पुढे कळेल, रॉड निवडताना नेमका हाच फरक आडवा येतो.

झालंय असं की माझ्या भाच्याला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला नोकरी लागलीय, जानेवारीत निघणार. लहानपणापासून माझ्याबरोबर रत्नागिरीजवळच्या भाट्याला गरवायला येणारा पोरगा, त्यामुळे तिकडे घर कुठे मिळेल, थंडी किती असेल हे काही नाही, पहिला प्रश्न काय तर मामा, सॅल्मनचा रॉड कुठला घेऊ. मी पण ऑफशोअरच्या कामात काही वर्षं तिकडे काढलीयत आणि ॲबर्डीनमधून वाहणाऱ्या डी नदीवर भरपूर थंडी खाल्लीय, मासे कमी. त्याची अट अशी की रॉड एकच घेणार आणि सुट्टीला रत्नागिरीला आला की इथेही चालला पाहिजे. तर हा आढावा त्या अटीवर आहे, ज्याला फक्त तिकडेच मासे धरायचेत त्याचं उत्तर वेगळं येईल, ते पण सांगतो.

दुकानात गेलात की चार गोष्टी समोर ठेवतात. ९ फुटी एकहाती ८ नंबर, १० फुटी ७ नंबर, ११ फुटी स्विच रॉड आणि १३ फुटी दोनहाती, ज्याला सगळे स्पे रॉड म्हणतात, नाव तिकडच्या स्पे नदीवरूनच पडलंय.

नंबर म्हणजे काय ते आधी बघा कारण माझे पैसे तिथेच बुडाले. आपल्या गरीला शिसं असतं, शिसं तंगुसाला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गरीला बांधलेली पिसं नि केस, तिला वजनच नाही, म्हणून इथे उलटा कारभार, लाईनच जड करतात आणि लाईन फेकली की फ्लाय तिच्या मागून जाते. तर नंबर हा त्या लाईनच्या वजनाचा. एकहाती ८ म्हणजे लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. आता गंमत अशी की दोनहाती रॉडवर पण ८ च लिहिलेलं असतं पण त्याला लाईन लागते तीस-पस्तीस ग्रॅमची! मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका दुकानात सेकंडहँड १४ फुटी दोनहाती घेतला आणि त्या माणसाने वर एकहाती ८ ची लाईन गळ्यात मारली, नंबर जुळतोय ना म्हणून मी पण खूश. दोन महिने मला वाटत होतं माझ्याच हाताला वळण नाही. रॉड वाकतच नव्हता हो, वाकणार कसा, त्याला ओझंच नव्हतं.

असो. आता एकहाती आणि दोनहाती हे एकमेकांसमोर ठेवून बघू, खरी लढत याच दोघांत आहे.

डी नदीवर बऱ्याच ठिकाणी काठाला झाडं असतात, मागे लाईन उडवायला जागा नसते. स्पे कास्टमध्ये लाईन मागे पूर्ण जातच नाही, शेजारी पाण्यावर टेकवून तिचा एक फुगा बनवायचा आणि तिथूनच पुढे फेकायची. लांब रॉडने हे सोपं जातं आणि दिवसभर फेकलं तरी खांदा दुखत नाही. नंतर लाईन तिरपी पडली की नदीच फ्लायला आडवी फिरवून आणते, आपण फक्त धरून उभं राहायचं आणि एक पाऊल खाली सरकायचं. सॅल्मन खात नसतो, त्याला फक्त डिवचायचं असतं, मग ओढून ओढून पळवायची गरज बहुतेकदा नाहीच. थोडक्यात, दोनहाती रॉड तिकडे त्याच्या घरी आहे.

भाट्याला काय होतं बघा. मागे सुरूची झाडं आहेत, म्हणून मला पण पहिल्यांदा वाटलेलं की स्पे कास्टच बेस्ट. पण लाटांच्या पाण्यावर लाईन टेकवायला गेलं की लाटच ती उचलून घेऊन जाते, फुगा बनतच नाही. शिवाय रावसाला फ्लाय पळताना दिसली पाहिजे, म्हणजे दर कास्टला हाताने लाईन ओढत आणायची, आणि १३ फुटी बांबू बगलेत धरून तासभर लाईन ओढून बघा एकदा. होडीत तर विचारूच नका, पुढे बसलेल्याच्या कानाची खैर नाही. दोनहातीच्या बाजूने एक मान्य करतो, मोकळ्या पुळणीवर डोक्यावरून सरळ फेकला तर लांब जातो, पार लाटेच्या पलीकडे.

९ फुटी एकहातीचं तिकडे काय होतं? उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना, छोट्या फ्लायवर, व्यवस्थित चालतो. फेब्रुवारी-मार्चला नदी भरून वाहत असते, मोठी जड फ्लाय लागते, तेव्हा कमी पडतो, खोटं कशाला बोलू. पण सॅल्मन म्हणजे दोनहातीच पाहिजे असं कोणी ठासून सांगितलं तर त्याला आर्थर वूडचं नाव सांगायचं, शंभरेक वर्षांपूर्वी याच डी नदीवर केर्नटनला हा माणूस १२ फुटी रॉड एका हाताने चालवायचा आणि रेशमी लाईनला ग्रीस लावून पाण्यावर तरंगवायचा, आणि त्याने सॅल्मन शेकड्याने धरलेत. (१२ फुटी एका हातात, मनगट कसलं असेल!)

आणि वारा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून, सकाळी दहा-अकरानंतर खारा वारा सरळ तोंडावर येतो आणि जड डोळ्यांची क्लाऊझर (फ्लायचाच एक प्रकार) उलटी येऊन टोपीत रुतते किंवा रॉडच्या टोकावर आपटते, टोक असंच मोडतं. म्हणून ७ नंबर नको, ८ च्या खाली जाऊच नका इथे. पहाटे मतलई वारा पाठीवर असतो तेव्हा शिकायचं, तेव्हा नवशिक्याची पण लाईन दहा फूट जास्त जाते. १० फुटी ७ नंबरचं माझ्याकडून एवढंच.

स्विच रॉडबद्दल भाचा फार उत्साहात होता, एका हाताने पण चालतो दोन हाताने पण चालतो मामा! एक ना धड भाराभर चिंध्या. एका हाताला जड, दोन हाताला तोकडा. अनुभवी माणसाकडे तिसरा-चौथा रॉड म्हणून ठीक आहे, पहिला म्हणून नको.

प्रवासाचं पण बघा, ९ फुटी चार तुकड्यांचा रॉड म्हणजे एकेक तुकडा जेमतेम ७० सेंटीमीटर, बॅगेत जातो. १३ फुटी चार तुकड्यांचा मीटरभर होतो, तो विमानात वेगळा, कोकणकन्येत वेगळा, एसटीत तर मांडीवर.

माझा कौल ९ फुटी ८ नंबर, चार तुकडे, मिडियम-फास्ट. एकदम फास्ट नको, काठीसारखा ताठ असतो, नवशिक्याला लाईन मागे सरळ झाली की नाही ते हाताला कळत नाही. दोनहाती रॉड तिकडे भाड्याने किंवा नदीवरच्या गिलीकडून मिळतो बऱ्याच ठिकाणी, गिली म्हणजे तिथला वाटाड्या, तो शिकवतो पण. आणि ज्याला इकडे यायचंच नाहीये, फक्त डी नि स्पे करायचंय, त्याने डोळे मिटून १३ फुटी ८/९ घ्यावा, बाकी वरचं सगळं विसरा.

आता पैसे. रॉडवर कमी घाला आणि लाईन दोन घ्या. हे कोणी सांगत नाही. थंड पाण्याची लाईन आपल्या एप्रिलच्या उन्हात मऊ पडून चिकटते, कड्यांतून सरकतच नाही, आणि गरम हवेसाठी बनवलेली लाईन डीच्या पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी घालून बसते. रॉड तोच, लाईन मात्र दोन्हीकडची वेगळी. रीळ खाऱ्या पाण्याचंच घ्यायचं, सीलबंद ड्रॅगवालं (ड्रॅग म्हणजे मासा लाईन ओढतो तेव्हाचा रिळाचा ब्रेक), ते नदीत चालतं, पण नदीचं रीळ समुद्रात गंजतं. लाईनच्या मागे दीडशे मीटर तरी बॅकिंग, म्हणजे जादा बारीक दोरा, भरा. इथे जिताडा लागायचा चान्स असेल तर पुढे ४० पौंडी जाड तुकडा हवाच, त्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, साधी टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक तंगूस, एका झटक्यात कापते.

भाच्या, दोन गोष्टी तुझ्यासाठी. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन धरायला बंदी आहे आणि १ एप्रिलच्या आधी मिळालेला प्रत्येक सॅल्मन सोडून द्यावाच लागतो, शिवाय नदी खाजगी असते, परमिट काढल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नको. आणि इकडची सवय तिकडे नेऊ नकोस, रावसाला लाईन खेचून हिसका द्यावा लागतो, सॅल्मनला तसा दिलास तर तोंडातून फ्लाय निघून येईल, त्याला वळू दे, वजन लागलं की मग रॉड उचल.

इथे मात्र ओहोटीला ये. काजळीचं पाणी भाट्याच्या पुलाखालून बाहेर पडायला लागलं की तासभर खाडी अगदी नदीसारखी वाहते, तेव्हा लाईन तिरपी टाकून नुसती फिरू दिली तरी चालतं, डीवर शिकलेलं सगळं तिथे वापरता येईल. परत आल्यावर रॉडचे चारही तुकडे सोडवून गोड्या पाण्याने धू, खारं पाणी सांध्यात सुकलं की तुकडे निघत नाहीत. माझ्या १४ फुटीचे वरचे दोन असेच कायमचे जुळलेत, तो पडवीत आडवा पडून आहे आणि आई दर मे महिन्यात विचारते, याला आंब्याचा झेला बांधू का.