कॉलेजचा काउन्सेलर की १४४१६, आधी कुठे बोलायचं?

मनावर ताण आला की कोणाशी तरी बोलायला हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरापोरींसाठी फुकटातले हे दोनच पर्याय मला माहितीयेत, काउन्सेलर आणि १४४१६ ही फोन हेल्पलाइन, त्यामुळे सरळ तुलना करते.

काउन्सेलर समोर बसलेला असतो, तुमचा उतरलेला चेहरा त्याला दिसतो, आणि दर आठवड्याला तोच माणूस भेटला की पहिल्यापासून रामायण सांगत बसावं लागत नाही, हा फार मोठा फायदा आहे. पण आमच्या कॉलेजात त्या मॅडम आठवड्यातून दोनच दिवस यायच्या आणि त्यांची खोली फी काउंटरच्या अगदी शेजारी. मी बाहेरच्या बाकावर बसले होते तर वर्गातली एक मुलगी पावती हातात घेऊन विचारते, "काय गं, तू इथे कशी?" मी "बोनाफाईड काढायला" म्हणून उठले आणि गेले ती परत महिनाभर तिकडे फिरकलेच नाही.

१४४१६ म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. रात्री दोन वाजता छातीत धडधडतंय तेव्हा कॉलेजची खोली बंद असते, हा फोन लागतो. गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. अडचण एकच, चार जणींच्या खोलीत बोलायचं कुठे? मी गच्चीच्या जिन्यात बसून बोलले.

माझं मत विचाराल तर आधी फोन, कारण तिथे कोणी ओळखीचं बघत नाही, आणि जरा धीर आला की काउन्सेलरकडे जा.