पंखा सुरू झाला की मांडी भाजते: हजार सीसीच्या गाडीसोबत नऊ महिने

१०४. मीटरवर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा हा आकडा दिसला की माझा उजवा गुडघा आपोआप बाहेर निघतो. पुढच्या दोन सेकंदांत रेडिएटरचा पंखा घोंघावणार आणि फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या, फटीतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ मांडीवर येणार, हे आता पायालाच पाठ झालंय.

गाडी म्हणजे हजार सीसीची स्पोर्ट्स बाईक, चार सिलिंडर ओळीत, ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. नऊ महिन्यांत ७,८०० किलोमीटर झाले. त्यातले निम्म्याहून जास्त रोजच्या ट्रॅफिकमधले, म्हणजे ही गाडी ज्यासाठी बनलेलीच नाही तिथले. पिकअप, ब्रेक, आवाज याबद्दल भरभरून बोलणारे खूप आहेत. मी फक्त उष्णतेबद्दल लिहितोय, कारण गाडी घेण्याआधी मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. "गरम होते थोडी," एवढंच सगळे म्हणायचे. थोडी!

पहिले तीन महिने मी भलत्याच गोष्टीच्या मागे होतो. सगळं लक्ष त्या आकड्यावर. १०० झाले की छातीत धडधड, १०३ झाले की गाडी बाजूला. तापमान कमी ठेवतं असा दावा करणारं महागडं कूलंट भरलं. फरक? पंखा आधी १०४ ला लागायचा, नंतरही १०४ लाच लागायचा. मग डोक्यात प्रकाश पडला. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ऐंशीच्या वर उघडतो, पंखा १०४ ला लागतो, ९८ च्या आसपास बंद होतो. गर्दीत गाडी याच पट्ट्यात खालीवर होत राहणार, कूलंट कोणतंही भरा. नेहमीचं कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण, उघड्या भांड्यातसुद्धा १०६-१०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबाखाली तो बिंदू १२० च्या पुढे जातो. म्हणजे १०४ ला इंजिन अगदी मजेत होतं. भाजत होतो तो मी.

इथेच या गाड्यांची खरी गंमत आहे. पंखा जितकं चोख काम करतो, तितकी ती उष्णता रेडिएटरमधून निघून माझ्या पायांवर येते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच कामी येतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि कूलंटमधून उष्णता होऊन बाहेर पडते. सिग्नलला उभं असताना तर गाडी काहीच काम करत नाही, जळलेलं सगळं शेवटी शेकच. गाडी ताशी साठने चालू असली की समोरचा वारा ती धग मागे घेऊन जातो. उभी राहिली की धगीला जायला माझ्याशिवाय जागाच नसते.

त्यात बांधणीही अशी. अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे दोन जाड बाहू इंजिनाला दोन्हीकडून कवटाळून थेट आपल्या मांड्यांमधून जातात, आणि अॅल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं. खाली पोटाशी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), धुरातले विषारी वायू कमी करणारा. तो काही शे अंश तापल्याशिवाय कामच करत नाही, त्यामुळे तो गरम आहे ही तक्रार नाही, तो त्याचा धर्म आहे. जुन्या गाड्यांच्या मानाने निदान एक बरं. २००४ च्या आसपास यामाहा आर१, होंडा सीबीआर१०००आरआर अशा कितीतरी गाड्यांचे सायलेन्सर सीटखालून निघायचे. दिसायला देखणे, पण बूड शेकायला आणखी काही लागायचं नाही. आता ते खाली पोटाशी गेलेत, आणि शेक पोटऱ्यांकडे आलाय. डुकाटीने पानिगाले व्ही४ ला वेगळीच युक्ती केली आहे: गाडी उभी असताना इंजिन तापलेलं असेल तर मागचे दोन सिलिंडर, म्हणजे बरोबर सीटखालचे, बंद होतात. माझ्या गाडीत असलं काही नाही.

चौथ्या महिन्यात मात्र आकडा खरंच घाबरवून गेला. सर्व्हिस करून गाडी आणली, पहिल्याच गर्दीत १०४, १०८, ११२, पंखा जीव तोडून फिरतोय आणि आकडा थांबायला तयार नाही. गाडी बाजूला लावली. टाकी हाताला भाजत होती. झाकण उघडायचा मोह झाला, पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं कूलंट तोंडावर येतं, एवढं शहाणपण सुदैवाने होतं. तासाभराने, हात टेकवता येईल इतकं गार झाल्यावर उघडलं, तर पातळी चांगली दोन बोटं खाली. सर्व्हिसमध्ये कूलंट बदलताना आतली हवा काढलीच नव्हती. मग स्वतःच कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलिंगला चालू ठेवलं, गाडी डावी-उजवीकडे झुकवत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. शेवटचा मोठा बुडबुडा ढेकर दिल्यासारखा आला आणि पातळी एकदम खाली गेली. तेवढी भर घातली, झाकण लावलं, पुन्हा ११० दिसलेला नाही. कूलंट बदलून आणलं असेल तर पहिल्या दोन दिवसांत गार इंजिनावर पातळी बघाच.

आता ज्याने खरा फरक पडला ते. चंदेरी पृष्ठभागाची, मागे डिंक असलेली उष्णतारोधक चटई मिळते. ती मी फेअरिंगच्या आतल्या बाजूला, टाकीच्या पोटाला आणि फ्रेमच्या गुडघ्याजवळच्या भागाला लावली. आधी पुठ्ठ्याचे साचे कापले. पहिल्या खेपेला घाई केली, फेअरिंगच्या आत साचलेलं तेलकट किटाण नीट पुसलं नाही, आणि आठ दिवसांत एक कोपरा सुटून पंख्याजवळ लोंबायला लागला. पात्यात अडकला असता तर निस्तरता आलं नसतं. दुसऱ्यांदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हेअर ड्रायरने डिंक कोमट करून, चमच्याच्या पाठीने कडा घासून बसवल्या. पाच महिने झाले, हललेली नाही. मीटरवरचा आकडा तसूभरही कमी झालेला नाही, पण फ्रेमला गुडघा टेकवून पूर्ण सिग्नल काढता येतो. आधी दहा सेकंद निघत नव्हते. एकच जपायचं, गरम हवा बाहेर पडायच्या खाचा बुजवायच्या नाहीत.

कपड्यांचा धडा भाजून शिकलो. पातळ जीन्स घालून दीड तास अडकलो होतो. घरी येऊन पाहिलं तर मांडीच्या आत तळहाताएवढा लाल पट्टा, आणि तो चार दिवस हुळहुळत होता. चटका बसायला रसरशीत लोखंडच लागतं असं नाही. ४४ अंशांना कातडी तासन् तास टेकून राहिली तरी भाजते, ६० अंशांना काही सेकंद पुरतात. आता लेदरची पँट घालतो. उन्हात लेदर ऐकून लोक वेड्यात काढतात, पण गुडघ्याखालची झळ ते अडवतं. नायलॉनचं काही मात्र इंजिनाजवळ नको. एका मित्राच्या पावसाळी पँटचा तुकडा अजून त्याच्या सायलेन्सरवर वितळून चिकटलेला आहे.

चालवण्यातही बदल केला. पहिल्याच गिअरमध्ये ही गाडी ताशी दीडशेच्या आसपास जाते, त्यामुळे माणसाच्या चालीने सरकायचं तर क्लच घासतच चालवावं लागतं, आणि तो क्लच तेलात बुडालेला असल्याने ती उष्णता इंजिन ऑइलमध्ये जाते. म्हणून पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटायचं सोडलं. अंतर पडू देतो, मग क्लच पूर्ण सोडून एकदाच पुढे जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. लांब सिग्नलला इंजिन बंद करतो, पण त्यातही एक मेख आहे. वॉटर पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद झालं की कूलंटही जागच्या जागी थांबतं. १०१ ला बंद केलेली गाडी तीन मिनिटांनी चालू केली तर १०७ दाखवते. पहिल्यांदा पाहून हबकलो होतो. दोनशे मीटर गेलो की आकडा उतरतो. एक-दीड मिनिटाच्या सिग्नलला मात्र बंद करणं मला तरी पटतं, पायांना तेवढीच विश्रांती.

रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि धूळ दर महिन्याला मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढतो. जोरदार फवाऱ्याने एकदा धुतलं तर पत्रे वाकले, मग प्लॅस्टिकच्या काडीने एकेक सरळ करत अख्खी दुपार गेली.

सायलेन्सरला गुंडाळायची पट्टी लावली नाही. ती ओल धरून ठेवते आणि खालचा पाइप गंजतो. कॅट काढून टाकण्याचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. धूर नियमांत बसत नाही, आणि माझ्या मांडीसाठी मागच्या माणसाने तो का गिळावा, म्हणून तो विषय मी बंद केला.

गाडी विकणार का? नाही. सकाळी सहाला रिकामा रस्ता असला की आकडा ८२ वर खिळलेला असतो, गार वारा छातीवर असतो आणि गर्दीतलं सगळं विसरायला होतं. दुपारी परत येताना आठवतं. सध्या उजव्या बुटाचा तळवा कॅटच्या शेकाने मऊ पडतोय. चटईचा उरलेला तुकडा टाचेमागच्या पत्र्याच्या मापाने कापून ठेवलाय, रविवारी लावून बघतो.