हुशार मुलांचा स्वतंत्र वर्ग: अध्यापन उत्तम, निवड सदोष

आमची मुलगी ज्या सार्वजनिक शाळेत शिकते, तिथे निवड चाचणीत ठरावीक गुण मिळवणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग चालवला जातो. असे वर्ग असावेत की नसावेत, यावर पालकसभांत बरीच खडाजंगी होते. परंतु खरा प्रश्न त्यांत प्रवेश कोणाला आणि कसा मिळतो, हा आहे, असे माझे मत झाले आहे.

अध्यापनाला मी पाचपैकी पाच गुण देईन. दोन विषम संख्यांचा गुणाकार विषमच का येतो, हा प्रश्न फळ्यावर लिहून, नियम न सांगता शिक्षिका शांतपणे थांबल्या. तेव्हा एका मुलीने पाच ओळींत सात-सात ठिपके काढले, त्यांच्या जोड्या लावल्या आणि शेवटी एकटा उरलेला ठिपका सर्वांना दाखवला. हुशार मूल आपले आपण शिकते, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही. येणारीच गणिते पुन्हा पुन्हा सोडवावी लागली की ते अभ्यासातून अंग काढून घेते.

निवडीला मात्र दोनच गुण. चाचणीला बसण्यासाठी शिक्षकांची शिफारस किंवा पालकांचा अर्ज लागतो, म्हणजे जागरूक (आणि शिकवणी लावू शकणाऱ्या) घरांनाच आधी संधी मिळते. शिवाय एका चाचणीवर किती भिस्त ठेवावी? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यंकाची मुले निवडून त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यात विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ यांची निवड झाली नाही. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याउलट फ्लोरिडातील ब्रॉवर्ड जिल्ह्यात २००५ पासून दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली जाऊ लागली, तेव्हा शिफारशीअभावी मागे राहिलेली गरीब घरांतील अनेक मुले या वर्गांसाठी पात्र ठरली.

उरलेल्या वर्गातून चुणचुणीत मुले निघून गेल्याने तिथली चर्चा मंदावते, हा विरोधकांचा आक्षेप मला पटतो. त्यावर उपाय म्हणजे वेगळेपण विषयापुरते ठेवावे. गणितात पुढे असलेल्या मुलाने गणिताच्या तासाला तिकडे जावे आणि भाषा, खेळ, चित्रकला सर्वांसोबत शिकावी. चाचणी शाळेच्या वेळेत, सर्वांची आणि दरवर्षी व्हावी. आमच्या शाळेत ती एकदाच होते, आणि त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला दुसरी तारीखही मिळत नाही.