कॅम्प की बेडस्पेस? दुबईला निघालेल्या खान्देशी पोरांसाठी

दुबईतल्या सोनापूरच्या कंपनी कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या कामगार वसतीत, भाडं नाही, साइटची बस दाराशी येते. खोलीत बिहारी, केरळी, नेपाळी सोबती. दुबईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उन्हातलं काम बंद असतं. त्या विसाव्यात एकमेकांची भाषा कानावर पडते. पण शहर लांबच राहतं.

देऱ्यात, म्हणजे दुबईच्या जुन्या बाजारभागात, बेडस्पेस (सामायिक खोलीतली भाड्याची एक खाट) घेतली तर भाडं खिशातून जातं, मात्र बाजार, बस, मेट्रो, सलाम-दुआ अंगवळणी पडते.

श्रावणात कानबाईचे रोट दोन्हीकडे चुकतात. व्हिडिओ कॉलवर आईशी अहिराणीत बोलताना गळा दाटतोच.

माझं मत: पहिलं वर्ष कॅम्पातच काढा. कर्ज फिटलं, कंपनी घरभाडं देत असली, की देऱ्याला या.