मेनफाइव्ह: साथीच्या मुळाशी जाऊ पाहणारी पुण्याची लस

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली मेनफाइव्ह ही लस मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज आणणारा आजार, घडवणाऱ्या मेनिंगोकोकस या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांपासून एकाच टोचणीत संरक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये तिला पूर्वमान्यता (दर्जा व सुरक्षितता तपासून दिलेली मान्यता) दिली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने जगात सर्वप्रथम तिचा वापर सुरू केला. लसीकरणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यामुळे मला या लशीविषयी आस्था आहे, आणि त्या आस्थेपोटीच तिचे गुणदोष सविस्तर मांडावेसे वाटतात. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे नीट समजल्याखेरीज या लशीची खरी किंमत कळत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या आवरणांना जिवाणूंमुळे सूज येते तेव्हा तिला जिवाणूजन्य मेनिंजायटिस म्हणतात. न्यूमोकोकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा प्रकार बी) हे जिवाणू, नवजात बाळांना प्रसूतीच्या वेळी आईकडून मिळणारा गट बी स्ट्रेप्टोकोकस आणि दूषित अन्नातून येणारा लिस्टेरिया हेही या आजाराचे कारण ठरतात; मात्र गावेच्या गावे वेढणारी मोठी साथ पसरवण्याची ताकद प्रामुख्याने मेनिंगोकोकसची. हा जंतू फक्त माणसाच्या नाकाघशात राहतो. कोणत्याही वेळी साधारण १ ते १० टक्के लोकांच्या घशात तो असतो, साथीच्या काळात हे प्रमाण १० ते २५ टक्क्यांपर्यंत चढते, आणि यातील बहुतेकांना कधीच काही होत नाही. खोकला, शिंक, चुंबन, एका खोलीत दाटीने झोपणे, वसतिगृहातील किंवा बराकीतील सहवास अशा निकटच्या आणि दीर्घ संपर्कातून घशातील स्राव दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. शरीराबाहेर हा जंतू फार काळ टिकत नाही, त्यामुळे रुग्णाच्या शेजारून चालत गेल्याने किंवा तो ज्या खोलीत होता तिथे नंतर पाऊल टाकल्याने लागण होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. डास आणि पाणी यांचा तर येथे काहीच संबंध नाही.

थोड्या दुर्दैवी लोकांमध्ये मात्र हा जंतू घशाचे अस्तर ओलांडून रक्तात शिरतो. संसर्गानंतर २ ते १० दिवसांत, सरासरी चौथ्या दिवशी, तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या, उजेड सहन न होणे, गुंगी अशी लक्षणे दिसू लागतात. लहान बाळांमध्ये मान ताठेलच असे नाही; बाळ दूध पीत नाही, मलूल पडते, टाळू फुगते. रक्तात जंतू पसरला असेल तर त्वचेवर लालसर-जांभळे ठिपके उठतात, आणि त्यांच्यावर काचेचा पेला दाबला तरी ते फिके होत नाहीत. हे चिन्ह प्रत्येक पालकाने ओळखायला शिकावे. मात्र ठिपके उठण्याची वाट पाहत घरी थांबू नये. उपचार मिळाले नाहीत तर निम्म्या रुग्णांचा मृत्यू होतो. वेळेवर उपचार मिळूनही ८ ते १५ टक्के रुग्ण दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी १० ते २० टक्के लोकांना बहिरेपण, फिट्स, मेंदूची हानी किंवा अवयव गमावणे असे कायमचे नुकसान सोसावे लागते. रुग्णाच्या घरातील आणि निकट सहवासातील माणसांना रिफाम्पिसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन यांपैकी एखादे प्रतिजैविक डॉक्टर देतात, ते त्यांच्या घशातील जंतू नाहीसा करून साखळी तोडण्यासाठी.

ही घशातील साखळी आफ्रिकेत सर्वाधिक घातक ठरली. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांतून जाणाऱ्या पट्ट्याला मेनिंजायटिसचा पट्टाच म्हटले जाते. तेथे डिसेंबर ते जून या कोरड्या महिन्यांत सहारा वाळवंटाकडून धुळीचे वारे वाहतात, नाकाघशाचे अस्तर कोरडे पडून चिरते, रात्री थंड असल्यामुळे माणसे दाटीवाटीने झोपतात, आणि जंतूला हवी ती संधी मिळते. १९९६-९७ च्या साथीत तेथे अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार लोकांचा मृत्यू झाला. त्या वेळी हाती असलेली लस जंतूच्या बाह्य कवचातील शर्करेपासून बनवलेली होती. ती दोन वर्षांखालील मुलांत नीट काम करत नसे, तिचे संरक्षण काही वर्षांत ओसरत असे, आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे घशातील जंतूवर तिचा प्रभाव जवळजवळ पडत नसे. साथ सुरू झाल्यावर लस टोचायची, साथ ओसरली की थांबायचे, आणि पुढच्या कोरड्या ऋतूत पुन्हा तेच, असे हे चक्र अनेक दशके चालले.

कवचातील शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली, तर शरीराची प्रतिकारव्यवस्था तिला अधिक गांभीर्याने घेते, तान्ह्या बाळांतही स्मृती निर्माण होते, आणि घशातील जंतूचे वास्तव्यही घटते. अशा संयुग्मित लशी श्रीमंत देशांत होत्या; पण आफ्रिकेला परवडतील अशा किमतीत गट ए ची लस बनवायला कोणतीही मोठी कंपनी उत्सुक नव्हती. २००१ मध्ये पाथ ही आरोग्य क्षेत्रातील ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या निधीतून मेनिंजायटिस लस प्रकल्प हाती घेतला, आणि आफ्रिकी देशांनी स्पष्ट अट घातली की एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त नको. शर्करा व प्रथिन जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विकसित केले होते. ते पुण्याला आणले गेले आणि सीरमने मेनॲफ्रिव्हॅक तयार केली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये तिची मोहीम सुरू झाली. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली, आणि २०१७ नंतर त्या संपूर्ण पट्ट्यात गट ए चा एकही रुग्ण आढळल्याची नोंद नाही. लस न घेतलेल्यांच्या घशातूनही हा जंतू जवळपास दिसेनासा झाला. पुण्यात राहणाऱ्या माणसाला याचा अभिमान वाटावा, आणि तो मला मनापासून वाटतो.

मात्र जंतूचे इतर गट तसेच राहिले. २०१५ मध्ये नायजरला आणि २०१७ मध्ये नायजेरियाला गट सी च्या मोठ्या साथींनी ग्रासले. नायजेरियात त्या एका साथीत हजाराहून अधिक लोक गेले. गट एक्स वर तर तोपर्यंत कोणतीच मान्यताप्राप्त लस उपलब्ध नव्हती. ही उणीव भरून काढणे हे मेनफाइव्हचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत भक्कम श्रेय आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. मेनफाइव्हची कुपी पाच मात्रांची असते. आत पांढरी कोरडी भुकटी असते, ती सोबतच्या द्रावणात विरघळवायची आणि ०.५ मिलिलिटर स्नायूत टोचायचे. प्रत्येक मात्रेत पाचही गटांची प्रत्येकी ५ मायक्रोग्रॅम शर्करा असते; ए आणि एक्स धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निष्प्रभ केलेल्या विषाला) जोडलेली, तर सी, डब्ल्यू आणि वाय सीआरएम १९७ या निरुपद्रवी वाहक प्रथिनाला. कुपीवरील छोट्या वर्तुळाकडे आरोग्यसेविकेची नजर सर्वांत आधी जाते: वर्तुळाच्या आतला चौकोन फिका असला तर लस वापरण्याजोगी, आणि उष्णता लागून तो वर्तुळाइतका गडद झाला तर कुपी बाजूला टाकायची. वीज बेभरवशाची असलेल्या गावात या एका खुणेवर किती निर्णय अवलंबून असतात, हे शीतसाखळी, म्हणजे लस कारखान्यापासून गावापर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, सांभाळणाऱ्यांनाच ठाऊक. पाच मात्रांची कुपी हा निर्णयही मला योग्य वाटतो, कारण विरघळवलेली लस त्याच सत्रात संपवावी लागते, आणि लहान वस्तीत दहा मात्रांची कुपी फोडली तर अर्धी वाया जाते.

परिणामकारकतेचा पुरावा मुख्यतः रक्ततपासणीवर, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांच्या मोजणीवर, आधारलेला आहे, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. माली आणि गांबिया येथे २ ते २९ वर्षे वयाच्या १,८०० लोकांवर झालेल्या चाचणीत मेनफाइव्हने निर्माण केलेला प्रतिसाद आधीच मान्य असलेल्या चौगटी (ए, सी, डब्ल्यू व वाय) लशीपेक्षा कमी ठरला नाही, आणि सुरक्षिततेबाबत चिंता वाटावी असे काही दिसले नाही. मेनॲफ्रिव्हॅकसारखा वर्षानुवर्षांचा प्रत्यक्ष साथीतला अनुभव मात्र या लशीच्या पाठीशी अजून जमायचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पट्ट्यातील देशांना ९ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी एक मात्रा नियमित लसीकरणात घेण्याची, आणि जोखीम अधिक असलेल्या देशांत १ ते १९ वर्षे वयोगटासाठी एकदा मोहीम राबवण्याची शिफारस केली आहे. किमतीबाबत माझी नाराजी आहे. एका मात्रेला सुमारे ३ डॉलर हा दर श्रीमंत देशांतील लशींच्या मानाने अगदी थोडा असला, तरी अर्ध्या डॉलरच्या मेनॲफ्रिव्हॅकनंतर तो सहापटीने चढलेला आहे. पाच गटांची लस बनवणे अधिक खर्चिक आहे हे मान्य. तरीही पट्ट्यातील सरकारांच्या तिजोरीवर येणारा भार प्रत्यक्ष आहे.

दुसरी मर्यादा विज्ञानाची आहे. गट बी या लशीत नाही आणि या पद्धतीने तो घालताही येत नाही, कारण त्याच्या कवचातील शर्करा आपल्याच मज्जासंस्थेतील शर्करेशी मिळतीजुळती असल्यामुळे शरीर तिच्याविरुद्ध पुरेसा प्रतिकार करत नाही. त्याच्यासाठी प्रथिनांवर आधारलेल्या वेगळ्या लशी आहेत. आफ्रिकेच्या पट्ट्यात गट बी विरळ असल्याने तेथे ही उणीव फारशी जाणवत नाही, पण युरोप-अमेरिकेत ती महत्त्वाची ठरते. माझी भाची अमेरिकेत शिकायला निघाली तेव्हा पुण्यातील एका खाजगी लसीकरण केंद्रात तिला चौगटी लस देऊन, "आता मेनिंजायटिसची काळजीच नाही", असे सांगण्यात आले. लस योग्यच होती आणि टोचणीही व्यवस्थित झाली, पण ते वाक्य चुकीचे होते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला गट बी ची लस वेगळी असते, आणि कोणतीही मेनिंगोकोकल लस न्यूमोकोकसला रोखत नाही, हे सांगायला दोन मिनिटेही लागली नसती. अनेक पालक जपानी मेंदूज्वराची लस दिली म्हणजे हेही झाले असे समजतात. तो आजार डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूचा आहे. हिब आणि न्यूमोकोकसवरील लशी आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बाळांना मोफत मिळतात, त्या वेळच्या वेळी द्याव्यात.

महाराष्ट्रातील ज्या वाचकांना मेनिंगोकोकल लशीची खरोखर गरज पडते, त्यांत परदेशी जाणारे विद्यार्थी, प्लीहा काढलेले रुग्ण, कोरड्या ऋतूत आफ्रिकेच्या पट्ट्यात कामासाठी जाणारे तंत्रज्ञ आणि हज किंवा उमराहला निघालेले यात्रेकरू यांचा समावेश होतो. २००० साली हजहून परतलेल्या यात्रेकरूंसोबत गट डब्ल्यू अनेक देशांत पोहोचला, आणि त्यानंतर सौदी अरेबियाने ए, सी, डब्ल्यू व वाय या चारही गटांची लस सक्तीची केली. ती पोहोचण्यापूर्वी किमान १० दिवस घेतलेली असावी लागते, आणि प्रमाणपत्रावर लशीचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असेल तर संयुग्मित लशीची नोंद ५ वर्षे ग्राह्य धरली जाते, अन्यथा ३ वर्षे. म्हणून केंद्रातून निघण्यापूर्वी प्रमाणपत्रावर लशीचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि "संयुग्मित" असा प्रकार इंग्रजीत लिहिला आहे की नाही, हे खिडकीपाशी उभे राहूनच तपासून घ्यावे.