सेल्फ लागत नाही: नवी बॅटरी, रिले की कार्बन?

कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध घेतलं, किटली स्कूटरच्या हुकाला अडकवली, ब्रेक धरून सेल्फचं बटण दाबलं. सीटखालून एकच 'टक्'. परत दाबलं, परत 'टक्'. किक मारली तर पहिल्याच किकला गाडी चालू. बॅटरीच गेली असणार म्हणून त्याच दिवशी नवी टाकून घेतली. आठवडा गेला नाही तोवर तोच 'टक्'. मग उद्यमनगरातला मेस्त्री म्हणाला, "बॅटरीचं काय न्हाय भावा, रिलेचा पॉइंट खाल्लाय." रिले म्हणजे बटण दाबल्यावर बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडून देणारा स्विच, आणि पॉइंट म्हणजे त्यातली जोडणारी टोकं. जुनी बॅटरी तोवर दुकानात मोडीत जमा झाली होती.

म्हणून आधी कान द्या. 'टक टक टक टक' असा भराभर आवाज येत असेल तर संशय बॅटरीवर: रिले ओढला जातो, मोटरनं करंट मागितला की व्होल्टेज बसतं, रिले सुटतो, परत ओढला जातो. एकच ठसठशीत 'टक्' आणि पुढं शांतता असेल तर रिले किंवा मोटरमधले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे, झिजत जाणारे तुकडे). आवाजच नसेल तर खर्चाचा विचार आत्ताच नको. दुसरा ब्रेक धरून बटण दाबून बघा, मागचा लाल दिवा लागतो का पाहा. ब्रेकचा स्विच मेला असला तर सेल्फ लागत नाही, आणि पावसाळ्यात हा स्विच हमखास दगा देतो. तो ठीक असेल तर फ्यूज, आणि गाडीला असेल तर साइड स्टँडचा स्विच.

आवाजानं अंदाज येतो, निकाल मीटर देतो. साधा डिजिटल मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. खरी गंमत पुढं आहे. मीटर तसाच ठेवून बटण दाबा. आकडा धाडकन 9 च्या खाली आला तर बॅटरी दमलीय (किक सहज फिरतेय ना हेही बघा, नाहीतर जाम मोटर किंवा इंजिनसुद्धा आकडा असाच पाडतं). उलट मोटर फिरत नाही आणि आकडा 12 च्या वर ढिम्म असेल, तर मोटरमधून करंट जातच नाहीये. अशा वेळी नवी बॅटरी घेणं म्हणजे नळ बंद असताना टाकी बदलणं.

बॅटरी दमलेली निघाली तरी लगेच नवी घेऊ नका. टर्मिनलवरचा पांढरा थर खरवडा, स्क्रू घट्ट करा. मग चार्ज करा, पण हळू: 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण 0.4 अँपिअरनं रात्रभर. कारच्या चार्जरवर तासाभरात 'फुल' करून देणाऱ्यापासून लांब राहा, एवढीशी बॅटरी त्यात भाजून निघते. चार्ज केलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी परत बसली आणि वय तीन-चार वर्षं असेल, तर मात्र बदला. बदलायच्या आधी इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या. मीटर 13.5 ते 14.8 दाखवत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाईल.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक भानगड आहे. राजारामपुरी ते महाद्वार रोड दहा मिनिटं, तिथनं बिंदू चौक पाच. दर थांब्याला सेल्फ, मधे चार्जिंगला वेळच नाही. आठवड्यातून एकदा पन्हाळ्याला जाऊन या, बॅटरीला बरं वाटतं आणि तुम्हालाही.

आता रिले आणि कार्बन. मीटर रिलेच्या दोन जाड टोकांना लावून बटण दाबा. 'टक्' होऊनही 12 च्या आसपास दिसलं तर रिलेचे पॉइंट जळलेत. जवळपास शून्य आलं तर रिले करंट सोडतोय, दोष मोटरकडं. स्टार्टर मोटरवर पान्याच्या दांड्यानं हलकं ठोकल्यावर ती फिरली, तर बहुतेक कार्बन झिजलेत असं समजा. माझं मत विचाराल तर रिले सरळ नवा घ्यावा, घासून बसवलेला पॉइंट फार दिवस टिकत नाही. कार्बनचं उलट: आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) चांगलं असेल तर अख्खी मोटर बदलायची गरज नाही, कार्बनचा संच पुरतो. मोटर नुसती 'घुर्र' करते आणि इंजिन हलत नाही, तर तो सेल्फच्या क्लचचा किंवा गिअरचा मामला, विजेचा नव्हे.

गाडी कुठली हेही बघा. अ‍ॅक्टिव्हा 6जी सारख्या आवाज न करता चालू होणाऱ्या गाड्यांत जनरेटरच स्टार्टरचं काम करतो. तिथं कार्बन नाहीत, तेव्हा 'कार्बन बदलतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनवाल्या गाडीत बॅटरी ठार मेली तर किकवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण इंधनाच्या पंपालाही वीज लागते. अशा गाडीला बॅटरी लवकर बदललेली परवडली. जुन्या कार्बोरेटरवाल्याला किकवर महिनाभर ढकलता येतं.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी असेल तर यातलं काहीच करू नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर खर्च बॅटरीवर थांबत नाही. टर्मिनल काढा आणि ढकलत गॅरेजला न्या.