भिंतीवरची सगळी प्रमाणपत्रं खरी होती

'बोगस कॉलेज' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खोटे शिक्के आणि रातोरात गाशा गुंडाळणारा माणूस येतो. आमच्या इन्स्टिट्यूटचं तसं काही नव्हतं. ऑफिसात फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्रांची आख्खी रांग होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. म्हणून तर आमच्यासारखी इतकी मुलं तिथे अडकली.

मी बारावी सायन्स. सीईटीतून बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला नाही, त्याच आठवड्यात फोन आला. माझे मार्क, माझं गाव, पप्पांचा नंबर, सगळं त्यांच्याकडे आधीच होतं. हा डेटा कुठून जातो ते देव जाणे. एकाच इमारतीत डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका), 'वैद्यकीय समाजकार्य पदविका', 'समुपदेशन व मानसशास्त्र पदविका' आणि आरोग्य निरीक्षक असे चार कोर्स, सगळे एका वर्षाचे. डीएमएलटीची फी ८५ हजार, दोन हप्त्यांत.

पप्पांनी चौकशी केली नाही, असं कृपा करून कुणी म्हणू नका. ते स्वतः जाऊन बसले. काउन्सेलर मॅडमनी एकेक फ्रेम दाखवली. "काका, हे बघा, इथे गव्हर्नमेंट ऑफ इंडिया लिहिलंय. नंबर आहे. तुम्ही घरी जाऊन ऑनलाइन टाकून बघा, मगच फी भरा." पप्पांनी घरी येऊन चुलतभावाला नंबर टाकायला लावला. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव, पत्ता, पदाधिकारी, सगळं निघालं. यापुढे कोण शंका घेणार?

आता त्या फ्रेमांत नेमकं काय होतं ते सांगते, कारण तुम्हालाही बहुधा हेच दाखवतील. एक होती संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालची नोंदणी. सात माणसं एकत्र आली की ती मिळते, भजनी मंडळालाही मिळते. दुसरं दर्पणचं. तिथे स्वयंसेवी संस्था स्वतःच आपली माहिती भरतात आणि त्यांना एक ओळख क्रमांक मिळतो. शिकवण्याच्या परवानगीशी त्याचा संबंध नाही. तिसरं उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून स्वतः घोषणा करून फुकट मिळणारा कागद. त्यावर भारत सरकारचं चिन्ह छापलेलं असतं आणि अर्ध्या पालकांचं समाधान तिथेच होतं. चौथं आयएसओ ९००१:२०१५. ते खाजगी प्रमाणन कंपन्या देतात आणि कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, गिरणीलाही मिळू शकतं. बाकीच्या फ्रेमांत कुठल्याशा मेळाव्यातले सन्मान.

नव्हतं ते एवढंच: आरोग्य विद्यापीठाचं संलग्नतापत्र, राज्य मंडळाची मान्यता किंवा कुठल्याही कौन्सिलचं पत्र. जे भिंतीवर नाही ते कुणाला कसं दिसणार!

पदव्यांच्या बाबतीत कायदा सरळ आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ चं कलम २२ म्हणतं की पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला. बाकी कुणालाही नाही. आणि हे मोडल्याबद्दल कलम २४ मध्ये दंड किती, तर एक हजार रुपयांपर्यंत. आमच्या एका मुलीच्या फीच्या हप्त्यात असे चाळीसेक दंड भरून झाले असते. शिवाय आमची संस्था 'डिग्री' हा शब्द चुकूनही वापरत नव्हती. सगळीकडे 'डिप्लोमा'. वकिलाने शिकवलेलं असणार.

वर्गातलं सांगायचं तर प्रॅक्टिकलच्या खोलीत दोन मायक्रोस्कोप. रक्ताची स्लाइड बघायला ऑइल इमर्शनची, म्हणजे तेलाचा थेंब टाकून बघायची, शंभरपट लेन्स लागते. एकाला ती नव्हतीच, दुसऱ्याची होती पण काचेवर जुनं तेल वाळून पिवळा थर बसलेला. पेशी मोजायला शिकायचं ते फळ्यावरच्या चित्रावरून. हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी होती, रंग जुळवायची काच मळून काळवंडलेली, त्यामुळे आम्ही सगळ्या जणी कायम ॲनिमिक. सर हसून म्हणायचे, "रिपोर्टमध्ये बारा लिहा." हे वाक्य तेव्हा विनोद वाटलं. पुढे एका खाजगी लॅबमध्ये 'इंटर्नशिप'ला पाठवलं, तिथे काम म्हणजे गाडीवरून सॅम्पल गोळा करणं. तपासण्या कशा होतात ते बघायलाही आत घेत नसत.

माझी मैत्रीण वैद्यकीय समाजकार्याला होती. तिची कथा मला माझ्यापेक्षा जास्त लागते. खऱ्या एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला) फील्डवर्क हा कणा असतो. आठवड्यातले साधारण दोन दिवस रुग्णालयात, वस्तीत नाहीतर संस्थेत जायचं, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा आणि तो घेऊन शिक्षकासमोर बसायचं. आपल्याकडे या शिक्षणाला मोठी परंपरा आहे, १९३६ साली मुंबईत समाजकार्याची पहिली संस्था निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. या मुलींना फील्डवर्क म्हणून काय दिलं? 'कुटुंब आरोग्य सर्वेक्षण'. गळ्यात ओळखपत्र अडकवून घरोघर जायचं आणि फॉर्म भरायचे. घरात माणसं किती, महिन्याचं उत्पन्न किती, कुणाला शुगर आहे का, बीपी आहे का, विमा काढलाय का, असल्यास कधी संपतो. शेवटी मोबाइल नंबर, आणि तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत.

थोड्याच दिवसांत त्या घरांना विम्याचे आणि 'फुल बॉडी चेकअप'चे फोन सुरू झाले. एका आजींनी तिला रस्त्यात गाठलं, "पोरी, तू लिहून नेलंस ना गं माझं दुखणं? आता रोज कोणतरी फोन करतंय." समाजविज्ञानात पहिल्या महिन्यात शिकवतात की माहिती देणाऱ्याची संमती घ्यायची आणि त्याचं नाव गुप्त ठेवायचं. इथे मुली फी भरून दुसऱ्यांची दुखणी विकून देत होत्या आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. फसवणूक आमची झालीच, पण त्या वस्तीचीही झाली. वस्तीच्या फसवणुकीची तक्रार कुणी नोंदवलेली नाही.

कोर्स संपल्यावर गुणपत्रिका मिळाली. होलोग्राम, क्यूआर कोड, आणि वर एका 'राष्ट्रीय' परीक्षा मंडळाचं भारदस्त नाव. क्यूआर स्कॅन केला की हिरव्या अक्षरांत 'व्हेरिफाइड' येतं. पण ते पान उघडतं त्याच मंडळाच्या वेबसाइटवर, आणि ते मंडळ चालवणारी ट्रस्ट आमच्या संस्थेच्या संचालकांचीच. चोराला विचारायचं, चोरी झाली का?

भांडं फुटलं ते एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मुलाखतीला गेले तेव्हा. गुणपत्रिका बाजूला ठेवून बाईंनी विचारलं, "पॅरामेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर?" संस्थेला फोन केला तर उत्तर, "ते नंतर मिळतं, आधी जॉइन व्हा." मिळणार कुठून? महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्यांचीच नावं नोंदवते.

या क्षेत्राचं इंगित इथे आहे. आरोग्याच्या शिक्षणात हातातल्या कागदापेक्षा नोंदवहीत नाव लागणं महत्त्वाचं. नर्सला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, लॅब टेक्निशियनला पॅरामेडिकल कौन्सिल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आणि दिव्यांगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्याला भारतीय पुनर्वसन परिषद. तेव्हा प्रवेश घेताना मान्यता आहे का, असं विचारूच नका, 'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत. विचारा की पास झाल्यावर माझं नाव कुठल्या कौन्सिलच्या रजिस्टरला लागेल, आणि मागच्या बॅचमधल्या कुणाचा नोंदणी क्रमांक दाखवता? तो क्रमांक कौन्सिलकडे जाऊन तपासा, संस्थेने दिलेल्या लिंकवर नव्हे.

एक हिशेब तर घरबसल्या होतो. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे. त्यात तंत्रज्ञ गणला जायला किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला डिप्लोमा किंवा पदवी लागते. आरोग्य व्यावसायिक म्हणून गणलं जायला ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी. आमचे वर्ग आठवड्यातून चार दिवस, तीन-तीन तास. वर्षाचे सगळे आठवडे धरले तरी साडेसहाशे तास भरत नाहीत. वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजकार्यकर्तेही याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हे माझ्या मैत्रिणीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला दाखवलं होतं सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या पदाचं गाजर. त्या पदाला समाजकार्यातली विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागते. एक वर्षाच्या पदविकेवर अर्ज छाननीतच बाद.

दुसरं गाजर मला दाखवलेलं. "स्वतःची लॅब टाका, स्वतःच्या सहीने रिपोर्ट द्या." सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलंय की लॅबच्या रिपोर्टवर प्रतिस्वाक्षरी पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. खरं डीएमएलटी झालेल्यालाही ती सही करता येत नाही, मग आमची काय कथा.

मानसशास्त्राचं दुकान अजून जोरात चालू आहे, म्हणून तेही सांगते. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने आरोग्याशी निगडित विषय, मानसशास्त्र धरून, दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलं. तर आता एजंट म्हणतात, "मागच्या सत्रात दाखवून देतो, थोडे जास्त लागतील." हा बॅकडेटचा माल कुणी घेऊ नका, त्यात खोटा कागद बनवणाऱ्यांत तुमचंही नाव येतं.

सगळे छोटे कोर्स खोटे असतात असंही नाही. रुग्ण सहायकाचा काही महिन्यांचा कौशल्य कोर्स असतो, तो प्रामाणिकपणे सहायकाचाच म्हणून शिकवला तर त्यावर काम मिळतं. पण तोच माल 'नर्सिंग' म्हणून विकतात तेव्हा लबाडी सुरू होते. नर्सिंगच्या खऱ्या पदविकांपैकी एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन. 'एका वर्षात नर्स' असा बोर्ड दिसला तर पुढे चालू लागा.

तक्रारीचं म्हणाल तर पहिला अडथळा मूळ कागदपत्रांचा. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि दाखला प्रवेशाच्या वेळीच काढून घेतलेले, आणि आता "राहिलेली परीक्षा फी भरा, मग न्या." पोलिसांत लेखी अर्ज पडल्यावर दुसऱ्याच दिवशी कागद घरपोच आले, यावरून काय ते समजा. तरी अडलंच तर एसएससी बोर्डाकडून दुय्यम गुणपत्रिका मिळते, त्यासाठी कुणापुढे वाकू नका.

दुसरा अडथळा पावत्यांचा, आणि तो जास्त चलाख होता. आमच्या एकाही पावतीवर 'फी' नाही. ट्रस्टच्या नावाची पावती, रकान्यात 'ऐच्छिक देणगी', खाली पप्पांची सही. संचालक पोलीस ठाण्यात शांतपणे म्हणाले, "यांनी आमच्या सामाजिक कार्याला मदत केली. कोर्स आम्ही मोफत शिकवला." भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक दाखवायची तर पैसे कशापोटी घेतले ते सिद्ध व्हायला हवं ना. साहेबांनी पावत्या उलटसुलट करून बघितल्या आणि आमच्याकडे बघितलं.

तिथे मैत्रिणीच्या फोनमधला ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज कामी आला. "फीचा दुसरा हप्ता शनिवारपर्यंत भरा, अन्यथा परीक्षेला बसू दिले जाणार नाही." तारीख आणि रक्कम मेसेजमध्ये, त्याच तारखेची आणि त्याच रकमेची 'देणगी' पावतीवर. दोन्ही शेजारी ठेवल्यावर संचालकांचा आवाज खाली आला. प्रवेशापोटी देणगी उकळण्याला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि अनधिकृत संस्था व अभ्यासक्रमांविरुद्ध २०१३ चा वेगळा कायदाही आहे, आरोग्यविज्ञान त्यात येतं. धर्मादाय आयुक्तांकडेही अर्ज दिलाय, कारण ट्रस्टच्या खात्यात देणगी म्हणून आलेल्या पैशाचा हिशेब तिथे द्यावा लागतो.

पैसे अजून आलेले नाहीत. इमारतीवरचा बोर्ड मात्र बदललाय, आता नावात 'स्किल' आहे, फोन करणाऱ्या मॅडम त्याच. तिथे शिकलेल्या मुलामुलींनो, ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि त्यातलं काही डिलीट करू नका. हप्त्यांचे मेसेज, वर्गाचं वेळापत्रक, सर्वेक्षणाच्या कोऱ्या फॉर्मचे फोटो हे सगळं तारखेसकट दिसेल असं काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, आणि पावत्यांची झेरॉक्स काढताना मागची बाजूही काढा. काही पावत्यांवर कॅशियरने पेनाने 'हप्ता २' लिहिलेलं आहे.